घाटावर वाचले जाणारे पत्रक

धार्मिक संस्थेचे छापील साहित्य म्हटले की पोथ्या, स्तोत्रसंग्रह आणि जाडजूड ग्रंथ डोळ्यांपुढे येतात. परंतु संस्था आणि भाविक यांचा नित्याचा व्यवहार ज्या साहित्यावर चालतो, ते बहुधा एका कागदाचे असते. उत्सवाचे वेळापत्रक, पूजेचे दरपत्रक, चर्चमध्ये रविवारच्या उपासनेचा क्रम सांगणारी चार पानांची घडी, प्रवचनमालेचे निमंत्रण, दारावर चिकटवलेली सूचना हे सारे साहित्य काम झाले की टाकून दिले जाते, ग्रंथालयात त्याची नोंद होत नाही, आणि म्हणून ते कसे लिहावे याचा विचारही क्वचितच होतो. ग्रंथातील अवघड वाक्य वाचकाला पुन्हा वाचता येते. पत्रकातील अवघड वाक्यामुळे मात्र माणूस चुकीच्या दिवशी, चुकीच्या दारात उभा राहतो. असे पत्रक स्पष्ट होते की नाही, हे लिहिणाऱ्याच्या विद्वत्तेपेक्षा एका साध्या गोष्टीवर अवलंबून असते: वाचणारा ते कोठे, कोणत्या अवस्थेत आणि कोणाच्या सोबतीने वाचणार आहे, याची लिहिणाऱ्याला कितपत जाण आहे.

या दृष्टीने उज्जैनचा राम घाट ही धार्मिक पत्रकाची सर्वांत कठीण परीक्षा म्हणता येईल. क्षिप्रेच्या काठी, महाकालेश्वर मंदिरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या या घाटावर येणारा वाचक उभा असतो, पुष्कळदा ओला असतो, त्याच्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात लहान मूल किंवा वृद्ध आई-वडिलांचा हात असतो, आणि तो ज्या भाषेत विचार करतो ती भाषा पत्रकाची असेलच असे नाही. माळव्यातील खेडूत, गुजरातेतून आलेला यात्रेकरू, महाराष्ट्रातून ज्योतिर्लिंगांच्या यात्रेस निघालेले कुटुंब आणि उज्जैन-इंदूर-देवास परिसरात शिंदे, होळकर व पवार यांच्या काळापासून स्थायिक झालेली मराठी घराणी हे सगळे एकाच पायरीवर येतात. त्यांपैकी अनेकजण पत्रक स्वतः वाचत नाहीत. गटातील एकजण मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात. कानाने ऐकल्यावर कळणारे वाक्य लिहिणे ही म्हणूनच येथे पहिली गरज ठरते.

घाटावरच्या पत्रकात सर्वांत जास्त घोटाळा तिथीचा होतो, आणि तो मराठी वाचकाच्या वाट्याला विशेष येतो. भारतात चांद्रमास मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. महाराष्ट्र, गुजरात आणि दक्षिणेत महिना अमावास्येला संपतो, त्याला अमान्त पद्धती म्हणतात. मध्य प्रदेशासह उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो, त्याला पूर्णिमान्त पद्धती म्हणतात. शुक्ल पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते, परंतु कृष्ण पक्ष सुरू झाला की उत्तरेतील नाव एका महिन्याने पुढे जाते. त्यामुळे महाशिवरात्र महाराष्ट्रात माघ वद्य चतुर्दशीस आणि उज्जैनमध्ये फाल्गुन वदी चतुर्दशीस येते, पितृपक्ष महाराष्ट्रात भाद्रपदाचा तर तेथे आश्विनाचा असतो. आकाशातील चंद्र एकच आणि दिवसही तोच असतो. फरक पडतो तो कागदावर छापलेल्या नावात, आणि राम घाटावर तर्पणासाठी येणाऱ्या माणसाने गाडीचे आरक्षण त्या नावावरून केलेले असते.

या घोटाळ्याचे सर्वांत बोलके उदाहरण महाकालाच्या सवारीत सापडते. श्रावणातील सोमवारी महाकालेश्वराची पालखी दुपारनंतर मंदिरातून निघून गुदरी चौराहा, बक्षी बाजार, कहारवाडी या मार्गाने राम घाटावर येते, तेथे क्षिप्रेच्या जलाने पूजन होते आणि पालखी शहरातून फिरून, शिंदे घराण्यातील बायजाबाईंनी बांधलेल्या गोपाळ मंदिरावरून परतते. उत्तरेच्या गणनेप्रमाणे श्रावण पौर्णिमेला संपला तरी ही सवारी थांबत नाही; ती पुढच्या कृष्ण पक्षातील सोमवारीही निघते आणि शेवटची, सर्वांत थाटाची सवारी त्याच पक्षात येते. उत्तरेच्या पंचांगात तो भाद्रपदाचा कृष्ण पक्ष असतो, महाराष्ट्राच्या पंचांगात तो श्रावणाचाच उत्तरार्ध असतो, आणि ही लांबण मराठा राजवटीतील परंपरेची खूण मानली जाते. म्हणजे एकाच उत्सवाने दोन्ही पंचांगे पोटात घेतली आहेत.

उत्सवाने जे सामावून घेतले ते पत्रकाला मात्र सामावता यावे लागते. २०२३ साली अधिक श्रावण आल्याने उज्जैनमध्ये १० जुलैपासून ११ सप्टेंबरपर्यंत दहा सवाऱ्या निघाल्या. त्या वर्षी महाराष्ट्रातील निज श्रावणाचा पहिला सोमवार २१ ऑगस्टला होता. ‘श्रावणाच्या पहिल्या सोमवारी सवारी’ एवढेच वाचून एखादे मराठी कुटुंब त्या दिवशी राम घाटावर आले असते, तर त्याला पहिली नव्हे, सातवी सवारी पाहावयास मिळाली असती. आणि भाद्रपदातील सवारी आपल्या श्रावणाशी संबंधित नाही असे समजून जो ११ सप्टेंबरला आला नसता, त्याचा स्वतःच्याच श्रावणाचा शेवटचा सोमवार हुकला असता. यावरचा उपाय अगदी साधा आहे: इंग्रजी तारीख आणि वार प्रथम, मोठ्या आकड्यांत, तिथी व मास त्याखाली, दोन्ही पद्धतींच्या नावांनी. सिंहस्थ मेळ्याच्या पत्रकांनाही हाच नियम लागू पडतो. २०१६ चा सिंहस्थ २२ एप्रिलला चैत्र पौर्णिमेस सुरू होऊन २१ मे रोजी वैशाख पौर्णिमेस संपला. त्यातील पहिला पंधरवडा उत्तरेच्या यात्रेकरूला वैशाखाचा आणि मराठी यात्रेकरूला चैत्राचा होता. ज्या नगराला प्राचीन भारतीय ज्योतिषाने मध्यरेषेवरचे स्थान मानले, जेथे सवाई जयसिंगाने उभारलेल्या आणि १९२३ मध्ये जीर्णोद्धार झालेल्या वेधशाळेत आजही यंत्रे पाहता येतात, त्या नगरात कालगणनेचे ज्ञान कमी आहे असे कोणी म्हणणार नाही. जाणकाराला जे उघड वाटते ते लिहायचे राहून जाते, एवढाच या अडचणीचा उगम आहे.

हीच अडचण ख्रिस्ती मंडळीलाही जवळून परिचित आहे. ईस्टरचा सण कोणत्याही ठरावीक तारखेला येत नाही; २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा त्याचा नियम आहे, म्हणून राखेचा बुधवार, उत्तम शुक्रवार आणि पेन्टेकॉस्ट हे सगळे दिवस चंद्राबरोबर सरकतात. शिवाय १५८२ मधील ग्रेगरी सुधारणा पूर्वेकडील बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्चांनी ईस्टरच्या गणनेसाठी स्वीकारली नाही, त्यामुळे २०२४ मध्ये पश्चिमी ईस्टर ३१ मार्चला आणि ऑर्थोडॉक्स ईस्टर ५ मे रोजी झाला. चर्चच्या पत्रकावर ‘ईस्टरनंतरचा तिसरा रविवार’ एवढेच छापले तर मंडळीतील जुन्या सभासदाला ते पुरते. नव्याने आलेल्याला, किंवा लग्नाच्या निमित्ताने आलेल्या परधर्मीय पाहुण्याला, त्यातून काहीच कळत नाही.

राम घाटाच्या चर्चेत चर्चचा उल्लेख येण्याचे कारण केवळ हे साम्य नाही. मराठीत एका पानाचे धार्मिक साहित्य छापण्याचा सर्वांत दीर्घ आणि नोंदलेला अनुभव ख्रिस्ती मिशनांच्या छापखान्यांचा आहे, आणि आज तीर्थक्षेत्री हातोहात फिरणाऱ्या मराठी पंचांगाचे तांत्रिक कूळही काही अंशी तेथेच पोहोचते. अमेरिकन मिशनने मुंबईत छापखाना घालून १८१७ मध्ये मराठी पुस्तिका काढण्यास आरंभ केला. त्याआधी बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मराठीसाठी देवनागरीबरोबर मोडीचेही खिळे पाडले होते आणि कॅरीचा १८१० चा मराठी कोश मोडीत छापला होता. हा निर्णय वाचकाचा विचार करून घेतलेला होता, कारण त्या काळी हिशेब, पत्रे, दस्तऐवज हा सारा व्यवहार मोडीत चाले आणि बाळबोध म्हणजे देवनागरी लिपी मुख्यतः पोथ्यांची मानली जाई. छपाईत शेवटी बाळबोधच टिकली, कारण सुटी अक्षरे खिळ्यांना सोयीची होती आणि शाळांनीही तीच उचलली. परंतु कोणत्या वर्गाला कोणती लिपी वाचता येते हा प्रश्न पहिल्या मुद्रकांनी मजकुराच्या आधी विचारला होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम याने देवनागरीचे लहान आणि सुबक खिळे तयार केले. मराठी जोडाक्षरे, वेलांट्या, उकार आणि रफार यांमुळे एका ओळीला वर आणि खाली दोन्ही बाजूंनी जागा लागते, म्हणून आरंभीची मराठी पुस्तके मोठ्या अक्षरांची आणि महाग असत. अक्षर लहान करूनही सुवाच्य ठेवणे म्हणजे कमी कागदात जास्त वाचकांपर्यंत पोहोचणे होते. याच छापखान्यात लहानपणी मजुरीस लागलेल्या जावजी दादाजी यांनी पुढे १८६४ मध्ये स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला, ज्याचे पंचांग आणि संस्कृत ग्रंथ देशभर गेले. त्यांच्या आधी गणपत कृष्णाजी पाटील यांनी मिशनचीच छपाई पाहून शिळाप्रेस उभारला आणि मराठी पंचांग छापून विकले. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील पोथीला हात लावत नसत. तेव्हा त्यांनी शाईत तूप वापरले, असे सांगितले जाते. वाचकाची हरकत मजकुराला नसून कागदावरच्या शाईला असू शकते, हे ओळखणारा हा मुद्रक आजच्या कोणत्याही जनसंपर्क अधिकाऱ्यापेक्षा आपल्या वाचकाला अधिक ओळखत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

भाषेच्या बाबतीत मात्र मिशनांना धडा शिकण्यास बराच काळ लागला. यात्रा-जत्रांतून पुस्तिका वाटण्याची त्यांची पद्धत होती, परंतु त्यांतील पुष्कळसे लेखन वादविवादाचे आणि शब्दशः भाषांतराचे असल्याने ऐकणाऱ्याच्या कानाला ते परके लागे. खरे तर याचे उत्तर दोनशे वर्षे आधीच मिळालेले होते. टॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. देवनागरी खिळे नसल्याने ते रोमन लिपीत छापावे लागले, परंतु सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाची घडण पुराण ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्यांसाठी होती. लिपी परकी आणि चाल घरची असा तो व्यवहार होता, आणि तो चर्चमधून वाचला गेला. एकोणिसाव्या शतकात बाबा पदमनजी यांच्यासारखे मराठी लेखक पुढे आल्यावर आणि १८४२ मध्ये अहमदनगरात सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाची सूत्रे १९१२ मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे आल्यावर ख्रिस्ती मराठीला पुन्हा अभंगाची आणि ओवीची लय सापडली. पंडिता रमाबाईंनी तर हा प्रश्न मुळापासून हाताळला. प्रचलित मराठी बायबल खेड्यातील बायकांना कळत नाही असे दिसल्यावर त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत नवे भाषांतर केले, आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ज्या स्त्रियांसाठी ते होते त्याच स्त्रियांनी त्याचे खिळे जुळवले व ते छापले. ते संपूर्ण भाषांतर रमाबाईंच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. जुळारी आणि वाचक एकच असल्यावर अवघड शब्द खिळ्यापाशीच अडत असणार, असा अंदाज सहज करता येतो.

कॅथलिक चर्चला असाच बदल दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) करावा लागला, कारण तोवर लॅटिनमध्ये चालणारी मिस्सा स्थानिक भाषेत होऊ लागली आणि भाविकाला उत्तरे, गीते, वाचने यांचा छापील आधार लागू लागला. वसईच्या मराठी कॅथलिक समाजात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दीर्घकाळ संपादित केलेले ‘सुवार्ता’ मासिक आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले त्यांचे ‘सुबोध बायबल’ याच प्रवाहातले आहे. उज्जैनचे उदाहरण वेगळ्या प्रकारे बोलके आहे. तेथील कॅथलिक धर्मप्रांत केरळातील सीरो-मलबार परंपरेचा असून १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. म्हणजे परंपरेचे मूळ मलयाळम आणि सिरियाक भाषेत आणि सभोवतालचा समाज हिंदी बोलणारा. अशा ठिकाणी एखादे पत्रक काढताना कोणती भाषा कोणासाठी हे आधी ठरवावे लागते, अन्यथा तीन भाषांचा मजकूर एका पानावर दाटून एकही भाषा नीट वाचता येत नाही.

चर्चच्या साप्ताहिक पत्रकाकडे पाहिले की चांगल्या पत्रकाचे गुण आणि दोष दोन्ही दिसतात. त्यातील उपासनेचा क्रम ही फार उपयुक्त रचना आहे: कोणते गीत कितव्या क्रमांकाचे, शास्त्रपाठ कोणता, कोठे उभे राहायचे, कोठे बसायचे हे क्रमाने दिलेले असल्याने नवखा माणूसही गोंधळत नाही. परंतु त्याच कागदाच्या मागील बाजूस सूचना सुरू झाल्या की लेखक अचानक फक्त ओळखीच्यांशी बोलू लागतो. ‘महिला संघाची सभा नेहमीच्या ठिकाणी’, ‘प्रार्थनासभा नेहमीप्रमाणे’, ‘नावे संबंधितांकडे द्यावीत’ ही वाक्ये ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच कळतात, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला त्यांची गरज नसते. राम घाटावरच्या सूचनांतही हाच दोष दुसऱ्या वेशात भेटतो. ‘सायंकाळी आरती’ असे वाचून सूर्यास्ताची वेळ माहीत नसलेला परगावचा माणूस तासभर आधी किंवा उशिरा येतो, आणि ‘घाटावर’ म्हणजे लांबच लांब पायऱ्यांच्या कोणत्या टोकाला, हे विचारण्यासाठी त्याला पुन्हा माणूसच शोधावा लागतो. याउलट प्रयागच्या तीर्थपुरोहितांनी आपल्या बैठकीवर मासा, हत्ती, अशा चिन्हांचे झेंडे लावण्याची जी रीत जपली आहे, ती निरक्षर यजमानालाही दुरून दिसणारी आणि कोणत्याही भाषेत तशीच राहणारी सूचना आहे.

अक्षरजुळणीच्या पातळीवरही मराठी मजकुराला उज्जैनसारख्या हिंदीभाषक गावात विशेष काळजी लागते. हिंदीच्या सवयीने जुळवलेल्या मराठी मजकुरात ‘ळ’ च्या जागी ‘ल’ येतो आणि ‘वेळ’ची ‘वेल’ होते, ‘दुसऱ्या’मधील आडवा रफार नाहीसा होतो, ल आणि श यांची वळणे मराठी शाळेत शिकवल्यापेक्षा वेगळी पडतात, ज्यांसंबंधी महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमाला ठरवताना निर्णयही केला आहे. वळणाचा फरक खपून जातो, पण ‘ळ’ गेल्याने अर्थ जातो. त्याशिवाय जुन्या डीटीपी फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरे फुटतात, म्हणून फाइल उघडली म्हणजे मुद्रितशोधन झाले असे समजता येत नाही. छापायच्या कागदाची प्रत प्रत्यक्ष काढून वाचावी लागते. अक्षराचा आकार ठरवताना वर सांगितलेली वेलांटी-उकारांची अडचण पुन्हा आडवी येते: ओळींतील अंतर कमी केले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो, आणि सांजवेळी दिव्याच्या उजेडात वाचणाऱ्या वृद्धाला ती ओळ काळ्या पट्ट्यासारखी दिसते. मजकूर कमी करणे हा त्यावरचा खरा उपाय असतो, अक्षर लहान करणे हा नसतो.

मजकूर कमी करण्यात सर्वांत मोठा अडथळा बहुधा नावांचा असतो. सौजन्य, शुभेच्छुक, निमंत्रक, मार्गदर्शक, प्रमुख उपस्थिती अशा याद्या आणि त्यांच्यासोबतची छायाचित्रे एवढी जागा घेतात की कार्यक्रमाची वेळ तळाशी एका ओळीत ढकलली जाते. चर्चच्या पत्रकात हेच काम वर्गणीदारांची यादी करते. देणगीदाराचा मान राखणे संस्थेला भाग असते हे खरे, परंतु त्यासाठी कागदाची दुसरी बाजू असते, आणि घाटावर हातात दिलेला कागद माणूस ज्या बाजूने धरतो त्या बाजूला तारीख, वेळ, जागा आणि विचारणा करण्याचे ठिकाण यांखेरीज फारसे काही असण्याचे कारण नाही. कालनिर्णय या दिनदर्शिकेने १९७३ पासून मराठी घरात जे स्थान मिळवले त्यामागे हाच हिशेब होता: तारखेचा आकडा मोठा, दिवसाचे सणवार त्याच चौकोनात, हिंदूंच्या तिथीबरोबर इतर धर्मांचे सणही तेथेच, आणि लेख, पाककृती, जाहिराती मागच्या बाजूस.

देवाच्या चित्राचा प्रश्न याहून नाजूक आहे. मंदिराच्या पत्रकावर महाकालाचे मुखदर्शन आणि चर्चच्या पत्रकावर ख्रिस्ताचे चित्र छापण्याचा मोह स्वाभाविक असतो, पण असा कागद काम संपल्यावर काय करायचा हे भाविकाला कळत नाही. तो चुरगाळता येत नाही, कचऱ्यात टाकवत नाही, म्हणून निर्माल्याप्रमाणे तो क्षिप्रेत सोडला जातो किंवा पायरीवर ठेवला जातो आणि पुढच्या गर्दीच्या पायाखाली येतो. श्रद्धेपोटी छापलेल्या चित्राची अशी विटंबना टाळण्याचा मार्ग पत्रक लिहिणाऱ्याच्याच हातात असतो: वाटायच्या कागदावर मंदिराच्या शिखराची किंवा घाटाच्या पायऱ्यांची साधी रेखाकृती, त्याखाली वाट दाखवणारा छोटा नकाशा, आणि देवाचे चित्र हवेच असेल तर ते घरी नेऊन भिंतीवर लावता येईल अशा वेगळ्या, जाड कागदावर. नदीकाठच्या पत्रकासाठी कागद निवडताना ओल्या हातात शाई पसरणार नाही, हेही पाहावे लागते. आणि पाणी लागू नये म्हणून त्यावर प्लास्टिकचे आवरण चढवले, तर तोच कागद पुढे नदीत न विरघळता तरंगत राहतो.